गरिबीशी लढायला एक वर्ष

अमेरिकेत एक सरकारी काम असं आहे, ज्याचा मोबदला मुद्दामच कमी ठेवलेला आहे. वर्षभर पूर्णवेळ राबायचं आणि त्याबद्दल निर्वाहभत्ता घ्यायचा, तोही त्या भागातला गरीब माणूस जेवढ्यात महिना काढतो साधारण तेवढाच. २०२५ साली तिथल्या सरकारने एकट्या माणसासाठी दारिद्र्यरेषा धरली ती वर्षाला १५,६५० डॉलरची. रुपयांत मांडली तर रक्कम मोठी वाटते, पण अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत तेवढ्यात खोलीचं भाडं आणि किराणा यांचीच तोंडमिळवणी करताना दमछाक होते. तरीही नुकतीच पदवी हातात पडलेले तरुण, निवृत्त झालेली माणसं, कधी स्वतःच सरकारी मदतीवर दिवस काढलेल्या बाया या कामासाठी अर्ज करतात. योजनेचं पूर्ण नाव ‘व्हॉलंटियर्स इन सर्व्हिस टु अमेरिका’. सगळे तिला ‘व्हिस्टा’ म्हणतात. १९६५ पासून दोन लाखांहून जास्त लोकांनी तिच्यात भाग घेतला आहे.

आपल्याकडे कॉलेजात एनएसएस केलेल्यांना राष्ट्रीय सेवा ही कल्पना नवी नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन ती योजना सुरू झाली. दोन वर्षांत मिळून २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर: सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य. व्हिस्टाची मागणी याहून बरीच जड आहे. अभ्यास किंवा नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात करायचं हे काम नाही. ज्या वस्तीत काम, तिथेच मुक्काम, आणि खर्चही तिथल्या लोकांइतकाच.

ही कल्पना निघाली तो काळ अमेरिकेच्या भरभराटीचा होता. मोटारी, टीव्ही, उपनगरांतली टुमदार घरं यांच्या झगमगाटात गरिबी कुणाच्या खिजगणतीतच नव्हती. १९६२ मध्ये मायकेल हॅरिंग्टन यांचं ‘द अदर अमेरिका’ हे पुस्तक आलं आणि डोंगरदऱ्यांत, महानगरांच्या पडक्या वस्त्यांत, शेतमजुरांच्या तांड्यांत राहणारे कोट्यवधी गरीब एकदम चर्चेत आले. देशातच सेवा करणारं एक दल उभारावं असा विचार जॉन केनेडी यांच्या कारकिर्दीतच सुरू झाला होता. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतर आलेल्या लिंडन जॉन्सन यांनी ८ जानेवारी १९६४ च्या भाषणात गरिबीविरुद्ध बिनशर्त युद्धच पुकारलं. जॉन्सन टेक्ससच्या कोरडवाहू भागात वाढलेले. तरुणपणी त्यांनी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत शिकवलं होतं, आणि उपाशीपोटी वर्गात येणारी ती मुलं ते विसरले नव्हते.

पण गरीब म्हणजे नेमकं कोण, हे ठरवायला तोवर सरकारकडे धड मोजपट्टीही नव्हती. ती दिली मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी. काटकसरीच्या आहाराला कुटुंबाला किती खर्च येतो तो काढायचा आणि त्याची तिप्पट करायची. त्याहून कमी मिळकत असेल तर कुटुंब गरीब. १९६४ मध्ये या हिशेबाने अमेरिकेतले सुमारे १९ टक्के लोक, म्हणजे जवळपास दर पाचातला एक, गरीब निघाले. पुढे महागाईनुसार आकडे वाढत गेले, पण आजची अधिकृत रेषाही मुळात तीच आहे.

२० ऑगस्ट १९६४ रोजी जॉन्सन यांनी आर्थिक संधी कायद्यावर सही केली आणि व्हिस्टाला कायद्याचा आधार मिळाला. ही सगळी मोहीम सोपवली गेली सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे. केनेडींचे हे मेहुणे त्याआधी पीस कोअरचे पहिले संचालक होते. पीस कोअरचे स्वयंसेवक परदेशात जात. व्हिस्टाचे आपल्याच देशात राहणार होते. या थोरल्या भावंडाशी महाराष्ट्राचाही संबंध आला. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरमधून भारतात आल्या. पेशाने त्या नर्स. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत राहून त्यांनी तिथल्या कामगारांच्या घरच्यांची शुश्रूषा केली. दहा वर्षांनी त्यांचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला.

व्हिस्टाच्या पहिल्या २० स्वयंसेवकांना जॉन्सन यांनी १२ डिसेंबर १९६४ रोजी व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पगार तुटपुंजा असेल आणि कामाची परिस्थितीही बिकट असेल, हे त्यांनी तिथेच स्पष्ट सांगून टाकलं. जानेवारीत ही मंडळी कामावर रुजू झाली. काहीजण कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्यांत गेले, काही कनेटिकटमधल्या हार्टफर्ड शहराच्या गरीब वस्तीत, तर काही केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत. राहण्याखाण्यापुरता भत्ता, आणि शिवाय महिन्याला ५० डॉलर बाजूला टाकून वर्षअखेरीस हातात देणार, असा ठराव होता.

केंटकीचा तो डोंगराळ टापू म्हणजे अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेतला कोळशाचा पट्टा. जमिनीखाली अमाप संपत्ती, वर कमालीचं दारिद्र्य. विदर्भातल्या वाचकाला हे चित्र फारसं अनोळखी वाटू नये. एप्रिल १९६४ मध्ये जॉन्सन स्वतः तिथल्या मार्टिन काउंटीत गेले होते. लाकूड कापण्याच्या गिरणीतलं काम सुटलेल्या आठ मुलांच्या बापाच्या घरी, ओसरीच्या पायरीवर बसून ते बोलले. त्या माणसाची आदल्या वर्षीची मिळकत होती ४०० डॉलर. तो फोटो देशभर छापला गेला. खाणींत यंत्रं आली तसे हजारो कामगार बेकार झाले होते. जे तरणेताठे होते ते उत्तरेकडच्या कारखान्यांकडे निघून गेले, आणि मागे राहिली म्हातारी माणसं, विधवा आणि छाती निकामी झालेले खाणकामगार.

शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात, कोल नदीकाठच्या एमन्स नावाच्या विखुरलेल्या खाणवस्तीत व्हिस्टाचा स्वयंसेवक म्हणून २७ वर्षांचा एक उंचापुरा तरुण येऊन राहिला. नाव जे रॉकफेलर. स्टँडर्ड ऑइल कंपनी उभारणाऱ्या, अमेरिकेतल्या सर्वात श्रीमंत माणसाचा हा पणतू. हार्वर्डमध्ये शिकलेला, काही वर्षं जपानमध्ये राहून जपानी शिकलेला. अशा नावाचा माणूस दारात आला तर गावकऱ्यांनी काय समजावं? सुरुवातीला त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला फारसं कुणी तयार नव्हतं. खाण कंपन्या, मिशनरी, सरकारी बाबू, पत्रकार असे नाना तऱ्हेचे बाहेरचे लोक गावाने पाहिले होते, आणि येणारा प्रत्येकजण काही ना काही घेऊनच गेला होता. हळूहळू माणसं बोलती झाली आणि गावाने मिळून समाजकेंद्र उभं केलं.

रॉकफेलर तिथून परतलेच नाहीत. रिपब्लिकन घराण्यातला हा मुलगा डेमोक्रॅट झाला, वेस्ट व्हर्जिनियातच त्याने बिऱ्हाड केलं. १९७७ ते १९८५ ते राज्याचे गव्हर्नर होते आणि त्यानंतर तीस वर्षं सेनेटर. निवृत्त खाणकामगारांचा आरोग्यविमा वाचवणारा १९९२ चा कोळसा कायदा आणि गरीब कुटुंबांतल्या मुलांना विमा देणारी १९९७ ची योजना, या दोन्हींमागे त्यांचा मोठा हात होता. एमन्समध्ये काढलेल्या दिवसांनी आयुष्याची दिशा ठरवली, असं ते सतत सांगत आले. एमन्सला त्यांच्यापासून जेवढं मिळालं, त्याहून कितीतरी जास्त त्यांना एमन्सकडून मिळालं, आणि ते पुढे कायद्यांच्या रूपाने राज्यभर पोचलं.

सगळ्यांच्याच वाट्याला अशी सरळ वाट आली नाही. गावात राहून माणूस तिथल्या लोकांचं ऐकू लागला की त्याला दिसतं, गरिबी आभाळातून पडलेली नाही, तिच्यात कुणाचा तरी फायदाही आहे. केंटकीत हे फार लवकर घडलं. तिथल्या शेतकऱ्यांच्या आज्यापणज्यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर आपल्या जमिनीखालच्या खनिजांचे हक्क एकरी काही सेंट, फार तर डॉलर-दोन डॉलर घेऊन विकले होते. तेव्हा खाण म्हणजे बोगदा. साठ वर्षांनी बुलडोझर आले, आणि त्याच जुन्या कागदांच्या जोरावर कंपन्या डोंगराचा वरचा थरच खरवडून काढू लागल्या. शेत, फळझाडं, विहिरी, कधी पूर्वजांच्या थडग्यांचीसुद्धा माती दरीत लोटली जाई, आणि जमीनमालकाला बोलायची सोय नसे.

१९६७ च्या उन्हाळ्यात पाइक काउंटीत एका शेतकऱ्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी बुलडोझरसमोर उभं राहून काम थांबवलं. ‘अ‍ॅपलेशियन व्हॉलंटियर्स’ ही संघटना त्यांच्या पाठीशी होती. व्हिस्टाचे अनेक स्वयंसेवक तिच्याच देखरेखीखाली काम करत. गव्हर्नरांनी त्या खाणीचा परवाना स्थगित केला. गरीब शेतकरी जिंकले, असं क्वचितच घडतं. मात्र काही आठवड्यांतच, ऑगस्टमध्ये, संघटनेचा एक कार्यकर्ता आणि आणखी एक जोडपं यांना रात्री घरातून अटक झाली. आरोप कसला, तर राजद्रोहाचा! घरांतली पुस्तकं पुरावा म्हणून जप्त झाली. सप्टेंबरमध्ये संघीय न्यायालयाने केंटकीचा राजद्रोहाचा कायदाच घटनाबाह्य ठरवला आणि खटला बारगळला, पण तोवर संघटनेच्या सरकारी निधीवर कुऱ्हाड कोसळली होती.

गोची इथेच आहे. सरकारने पैसे देऊन पाठवलेला माणूस गरिबांच्या बाजूने किती बोलू शकतो? व्हिस्टाचा स्वयंसेवक एखाद्या राज्यात ठेवायचा तर तिथल्या गव्हर्नरांचा होकार लागे. पुढे नियम कडक होत गेले. आज स्वयंसेवकाला निवडणुकीच्या प्रचारात भाग घेता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, कामगार संघटना बांधता येत नाही. करदात्यांच्या पैशाने पक्षीय राजकारण होऊ नये, हे पटण्यासारखं आहे. पण या बंधनांमुळे काही प्रश्न योजनेच्या हाताबाहेरच राहिले, हेही खरं. त्यातल्या त्यात जे जमलं तेही थोडं नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या धुळीने होणाऱ्या ‘ब्लॅक लंग’ या फुफ्फुसाच्या आजाराची भरपाई मिळावी म्हणून खाणकामगार एकत्र आले, तेव्हा कागदपत्रं, पत्रव्यवहार, बैठका यांत व्हिस्टाच्या स्वयंसेवकांची त्यांना मदत झाली. नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार ठार झाले. पाठोपाठ फेब्रुवारी १९६९ मध्ये राज्यातल्या सुमारे ४० हजार खाणकामगारांनी संप केला, आणि त्याच वर्षी खाणकामगारांच्या आरोग्य व सुरक्षेचा संघीय कायदा झाला.

त्याच राज्यात कॅबिन क्रीकच्या दरीत एक वेगळीच गोष्ट घडत होती. तिथल्या बाया कपड्यांचे तुकडे जोडून आपल्या गोधडीसारखी पांघरुणं शिवत. भौमितिक आकृत्या, बारीक टाका, एकेक पांघरूण पुरं व्हायला कित्येक आठवडे. घरातल्या लेकीसुनांना द्यायला किंवा वाटेवरून जाणाऱ्या एखाद्या गाडीवाल्याला मिळेल त्या दामात विकायला, एवढाच त्याचा उपयोग. बाहेरून आलेल्या व्हिस्टाच्या एका तरुणाने १९७० मध्ये या बायांची सहकारी संस्था उभी करून दिली. शिवणकाम त्याने काय शिकवायचं! त्या कामात बायाच त्याच्या गुरू होत्या. अडत होतं ते भाव ठरवण्यात, ऑर्डर मिळवण्यात, हिशेब ठेवण्यात आणि शहरातल्या दुकानांपर्यंत माल पोचवण्यात. ‘कॅबिन क्रीक क्विल्ट्स’ या नावाने ती पांघरुणं दूरदूरच्या घरांत गेली, आणि ज्यांच्या कामाला आजवर कुणी काम म्हटलं नव्हतं त्या बायांच्या हातात स्वतःचा पैसा येऊ लागला. त्या तरुणाचं सेवावर्ष संपलं, संस्था पुढे कित्येक वर्षं चालली.

व्हिस्टाचं मर्म या पांघरुणांच्या गोष्टीत जसं दिसतं, तसं कुठल्याच सरकारी पुस्तिकेत दिसत नाही. बाहेरून आलेल्या माणसाने गरिबाला ज्ञान द्यायचं नसतं. त्याच्याकडे आधीच जे आहे ते ओळखून अडलेली जागा मोकळी करायची असते. पण मग प्रश्न उरतोच: हे करायला बाहेरचाच माणूस कशाला हवा?

सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक स्वयंसेवक गोरे, सुस्थितीतले, कॉलेजात शिकलेले असत. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्या त्या वस्तीतल्याच लोकांना भरती करण्याकडे कल वाढला. या बदलाचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ग्वेन मूर. विस्कॉन्सिनमध्ये नऊ भावंडांच्या कृष्णवर्णीय कुटुंबात त्या वाढल्या. कॉलेजात असतानाच मूल झालं, आणि सरकारी मदतीवर राहून, मूल सांभाळत त्यांनी पदवी पुरी केली. मग मिलवॉकीत, आपल्याच शहरात, त्या व्हिस्टाच्या स्वयंसेवक झाल्या.

त्या भागात लोकांना सगळ्यात जास्त जाच होता तो बँकांचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बँका कर्ज देत नसत. नकाशावर जणू लाल रेघ मारलेली असे. घर दुरुस्त करायचं, छोटं दुकान टाकायचं तर पैसा आणणार कुठून? मूर आणि त्यांच्या सोबत्यांनी पतसंस्था काढायची ठरवली. पतपेढी कशी उभी राहते, हे महाराष्ट्रात निराळं सांगायला नको. दारोदार फिरून सभासद जमवायचे, थेंबे थेंबे ठेवी गोळा करायच्या, नोंदणीसाठी खेटे घालायचे. ‘क्रीम सिटी कम्युनिटी डेव्हलपमेंट क्रेडिट युनियन’ अशी उभी राहिली आणि बँकांनी दारातून परत पाठवलेल्या माणसांना कर्ज मिळू लागलं. या कामासाठी मूर यांना १९७६ ते १९८६ या दशकातल्या सर्वोत्कृष्ट व्हिस्टा स्वयंसेवक म्हणून गौरवण्यात आलं. २००४ मध्ये त्या अमेरिकन काँग्रेसवर निवडून आल्या. विस्कॉन्सिनमधून तिथे पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधी.

रॉकफेलर आणि मूर एकाच योजनेतून गेले, पण त्यांचे रस्ते अगदी उलट होते. रॉकफेलर यांना लोकांचा विश्वास कमवायला महिने घालवावे लागले. मूर यांना कर्ज नाकारलं गेल्याची चीड येण्यासाठी कुठलं प्रशिक्षण लागलं नाही. बाहेरचा माणूस नव्या ओळखी, नव्या वाटा आणतो, त्याचं मोल आहेच. पण वर्ष संपल्यावर जी व्यक्ती त्याच गल्लीत राहणार असते, तिने उभं केलेलं काम जास्त टिकतं. इतक्या वर्षांच्या अनुभवातून निघणारा हा निष्कर्ष योजनेच्या आजच्या नियमांत मात्र पुरेसा उतरलेला नाही.

आज व्हिस्टा कशी चालते? बिल क्लिंटन यांनी १९९३ मध्ये सही केलेल्या कायद्याने ‘अमेरिकोअर’ ही मोठी सेवायोजना आली आणि व्हिस्टा तिची एक शाखा झाली. वय १८ च्या पुढे हवं, वरची मर्यादा नाही. नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा ठरावीक प्रकारचं कायदेशीर वास्तव्य असावं लागतं. अन्नपेढी, बेघरांसाठी काम करणारी संस्था, शाळा, महापालिका, आदिवासी जमातीचं प्रशासन असं कुणीही यजमान संस्था होऊ शकतं. इच्छुकाने प्रकल्प निवडून अर्ज करायचा, यजमान संस्था मुलाखत घेते, पूर्वेतिहासाची तपासणी होते, आणि मग सरकारी अधिकाऱ्यासारखी राज्यघटनेची शपथ घेऊन काम सुरू होतं. वर्ष पुरं केलं की शिक्षणासाठी ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये ७,३९५ डॉलर) मिळते किंवा त्याऐवजी थोडी रोख रक्कम घेता येते. शिवाय वर्षभर संघीय नोकऱ्यांसाठी अर्ज करताना खास सवलत असते. शैक्षणिक कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या पदवीधरांना याचं आकर्षण असतं, आणि त्यात गैर काही नाही.

नव्याने येणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारा नियम वेगळाच आहे. स्वयंसेवकाने शक्यतो थेट सेवा द्यायची नाही. मुलांना शिकवायचं नाही, जेवण वाढायचं नाही. शिकवणारे आणि वाढणारे उभे करायचे. मदतनिधीसाठी प्रस्ताव लिहायचे, स्थानिक स्वयंसेवक जमवायचे, संस्थेची माहिती नीट लावायची, शेजारच्या संस्थांशी जुळवून घ्यायचं. एका प्रकल्पाला साधारण तीन वर्षं माणसं मिळतात. तेवढ्यात यजमान संस्थेने ते काम आपल्या बळावर चालवण्याच्या बेतात यायला हवं.

हे रूक्ष वाटेल, म्हणून एक उदाहरण. कमी पगारात काम करणाऱ्या कुटुंबांसाठी अमेरिकेत १९७५ पासून एक करसवलत आहे. आयकर विवरणपत्र भरलं की सरकारच उलटे पैसे देतं. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या कुटुंबाला २०२४ सालासाठी ७,८३० डॉलरपर्यंत. त्यांच्यासाठी ही कित्येक महिन्यांची कमाई. पण करखात्याच्याच अंदाजाने पात्र असलेल्या दर पाचातला एकजण ही रक्कम मागतच नाही. कुणाला ठाऊक नसतं, कुणाला फॉर्म जमत नाही, कुणी खासगी दलालाकडे जाऊन त्यातलाच मोठा हिस्सा फी म्हणून देऊन बसतो. यावर उपाय म्हणून मोफत विवरणपत्रं भरून देणारी केंद्रं चालतात, आणि अनेक ठिकाणी त्यांची घडी बसवणारा माणूस व्हिस्टाचा असतो.

त्याचं काम नोव्हेंबरातच सुरू होतं. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरातली खोली संध्याकाळची मोफत मागून घ्यायची. निवृत्त हिशेबनीस आणि कॉमर्सची मुलं गाठायची, त्यांच्याकडून करखात्याची परीक्षा पास करून घ्यायची. लॉन्ड्री, चर्च, शाळांच्या फाटकांवर स्पॅनिश आणि इंग्रजी पत्रकं लावायची. फेब्रुवारीत दोन पाळ्यांत काम करणारी बाई मालकाकडून आलेले पगाराचे कागद घेऊन, कडेवर पोर घेऊन येते, तेव्हा टेबलापलीकडे तिच्याच गल्लीतली एक शिक्षिका बसलेली असते. व्हिस्टाचा माणूस कोपऱ्यात रांगेचे क्रमांक वाटत असतो किंवा अडलेला प्रिंटर सुरू करत असतो. त्या बाईला त्याचं नावही कळत नाही. पुढच्या वर्षी तो नसतो, पण टेबलं लागतात.

आता भत्त्याचा मुद्दा. गरिबांत राहायचं तर त्यांच्यासारखंच जगून पाहावं, हा मूळ हेतू उमदा होता. पण घरून मदत मिळणाऱ्या मुलाला एक वर्ष तंगीत काढणं हा अनुभव असतो. ज्याच्या पगारावर आईवडील आणि धाकटी भावंडं अवलंबून आहेत, त्याला ते परवडतच नाही. त्यामुळे ज्यांनी या कामात सगळ्यात आधी यायला हवं, त्यांनाच दार अरुंद पडतं. कित्येक स्वयंसेवक सरकारी अन्नकूपनांवर महिना काढतात. पूर्वी जोडीला दुसरी नोकरी करायलाही बंदी होती. आता परवानगी घेऊन अर्धवेळ काम करता येतं. शिक्षणासाठी मिळणाऱ्या रकमेवरही कर लागतो. भत्ता जगण्याच्या खऱ्या खर्चाशी बांधला, तर ग्वेन मूर यांच्यासारख्या आणखी बाया या कामात येतील. यासाठी लागणारा पैसा अमेरिकेच्या तिजोरीला जड नाही.

राजकीय इच्छा मात्र कधी पुरेशी नव्हती. रेगन यांच्या काळात योजना बंद पाडायचा प्रयत्न झाला, ती कशीबशी तगली. २००९ मध्ये ओबामांनी सही केलेल्या कायद्यात अमेरिकोअरचे स्वयंसेवक वर्षाला अडीच लाखांवर न्यायचं ठरलं होतं, पण त्यासाठी काँग्रेसने पैसेच दिले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये तर ट्रम्प प्रशासनाने अमेरिकोअरची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं एका फटक्यात रद्द केली आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं. हजारो स्वयंसेवकांचं काम मध्येच तुटलं. दोन डझन राज्यं न्यायालयात गेली, आणि जूनमध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायाधीशांनी त्या राज्यांपुरता निधी पूर्ववत करायला सांगितलं.

१९६४ मध्ये १९ टक्के असलेली गरिबी १९७३ पर्यंत ११.१ टक्क्यांवर आली होती. त्यात तेजीतली अर्थव्यवस्था, वाढलेलं निवृत्तिवेतन, वृद्धांचा आरोग्यविमा यांचा वाटा मोठा. मूठभर स्वयंसेवकांनी हा आकडा खाली आणला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण सरकारी योजना कागदावर असणं आणि ती वाचनालयाच्या तळघरापर्यंत येणं, यातलं अंतर कुणाला तरी चालून जावं लागतं, आणि ते काम या लोकांनी केलं.

अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हा मार्ग खुला आहे. विचार करणाऱ्याने आधी यजमान संस्थेला थोडे रोखठोक प्रश्न विचारावेत. आपल्याआधी इथे कोण होतं आणि त्यांनी सुरू केलेलं काय अजून चालू आहे? वस्तीतली किती माणसं संस्थेच्या निर्णयांत असतात? कामाची रोजची देखरेख कोण करणार? त्या भत्त्यात जवळपास खोली मिळते का, बस किती वाजेपर्यंत असते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा प्रकल्प शोधलेला बरा.